न दिसणारा सौदा

लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा ढिगाभोवती आडत्या, खरेदीदार, हमाल आणि शेतकरी समोरासमोर उभे असतात. भाव पडला तर तो कोणाच्या बोलण्याने पडला हे शेतकऱ्याला दिसते, पटला नाही तर माल गोदामात टाकण्याचा मार्ग निदान कागदावर तरी त्याला मोकळा असतो, आणि सरकारने जाहीर केलेला हमीभाव, जो २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ५,३२८ रुपये होता, हातात पडो वा न पडो, भांडायला एक आकडा म्हणून तरी उपयोगी पडतो. याच ढिगांमधून हिंडत, मूठभर दाणे कॅमेऱ्यापुढे धरून ओलावा किती, डागी माल किती, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर काय निघाला हे सांगणाऱ्या तरुणांची एक फळी आता मराठवाड्यात उभी राहिली आहे. त्यांच्या व्हिडिओचाही रोज सौदा होतो, पण खरेदीदार कोण, बोली कितीची लागली, कालच्यापेक्षा आजचा दर का उतरला, यांपैकी काहीही विकणाऱ्याला कळत नाही, आणि हमीभाव नावाची गोष्ट तेथे नाही.

बाजारभाव सांगणारे, पावसाचा अंदाज देणारे, चुलीवरचा स्वयंपाक दाखवणारे, नातेसंबंधांवर छोट्या नाटिका करणारे, कीर्तने, भीमगीते आणि बंजारा गाणी चढवणारे, तालुक्याच्या बातम्या देणारे असे अनेक प्रकारचे लोक नांदेड व लातूर जिल्ह्यांत यूट्यूबवर काम करतात. या उद्योगाची चर्चा बहुधा मोठ्या आकड्यांनी सुरू होते. मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘वेव्हज’ परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितले की, कंपनीने मागील तीन वर्षांत भारतातील व्हिडिओकर्ते, कलावंत आणि माध्यमसंस्था यांना मिळून २१,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिली असून, दहा लाखांवर सदस्य असलेले १५,००० हून अधिक चॅनल देशात आहेत. मात्र या एकाच बेरजेत मुंबईतील संगीत कंपन्या, दिल्लीच्या वृत्तवाहिन्या आणि कंधार तालुक्यातील एखाद्या तांड्यावरचा गायक असे सगळेच मोजलेले असल्याने त्या गायकाच्या घरी काय पोहोचते हे तिच्यावरून समजत नाही. ते समजण्यासाठी पैसा कोणत्या वाटेने येतो आणि वाटेत कोठे अडतो, हे पाहावे लागते.

हजार दृश्यांची किंमत

प्रेक्षकाने व्हिडिओ उघडल्यावर तो सुरू होण्याआधीच्या क्षणार्धात तेथील जाहिरातीची जागा संगणकीय लिलावात निघते. कोणत्या वयाचा, कोणत्या शहरातला, कोणती भाषा वापरणारा, काय विकत घेण्याच्या विचारात असलेला माणूस हवा, हे जाहिरातदारांनी आधीच नोंदवून ठेवलेले असते आणि त्यानुसार ज्याची बोली जिंकते त्याची जाहिरात त्या पडद्यावर उमटते. मोठ्या व्हिडिओवर मिळालेल्या जाहिरातीच्या पैशातील ५५ टक्के वाटा व्हिडिओकर्त्याला आणि ४५ टक्के कंपनीला जातो. ‘शॉर्ट्स’ म्हणजे उभ्या छोट्या व्हिडिओंचा हिशेब वेगळा आहे: फेब्रुवारी २०२३ पासून त्यांच्यामध्ये दिसणाऱ्या जाहिरातींचा पैसा एकत्र केला जातो, तो दृश्यसंख्येच्या प्रमाणात वाटला जातो, व्हिडिओत एखादे गाणे वापरले असेल तर निम्मा भाग आधीच संगीताच्या हक्कदारांकडे वळतो, आणि उरलेल्यातून व्हिडिओकर्त्याला ४५ टक्के मिळतात. दर हजार दृश्यांमागे प्रत्यक्ष हाती येणाऱ्या रकमेला ‘आरपीएम’ म्हणतात. दोन व्हिडिओकर्ते भेटले की पीकपाण्याच्या चौकशीनंतर पहिली विचारणा याच आकड्याची होते.

हा आकडा वर्षभर सारखा राहत नाही. दसरा-दिवाळीच्या खरेदीपासून डिसेंबरअखेरपर्यंत जाहिरातदार अधिक खर्च करतात म्हणून दर चढतो आणि जानेवारीत तो उतरतो, ही गोष्ट या व्यवसायातल्या प्रत्येकाला पाठ असते. सोयाबीनची आवकही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच वाढत असल्याने बाजारभावाच्या चॅनलचे प्रेक्षक आणि दर एकाच वेळी चढतात व एकाच वेळी ओसरतात. शिवाय एका महिन्याची मिळकत पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवली जाते आणि खात्यात १०० डॉलर जमा झाल्याखेरीज काहीच पाठवले जात नाही, त्यामुळे ज्या ऑक्टोबरने चढा दर दिला त्याचे पैसे नोव्हेंबरच्या अखेरीस हाती येतात आणि घरातील दिवाळी बहुधा उधारीवर उरकलेली असते.

मिळकतीच्या नियमांनी व्हिडिओचा आकारही बदलला आहे. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालण्यासाठी त्याची लांबी किमान आठ मिनिटे असावी लागते. जुलै २०२० पूर्वी ही अट दहा मिनिटांची होती. उदगीरचा, अहमदपूरचा आणि लातूरचा दर सांगायला दीड मिनिट पुरते. तरीही असा व्हिडिओ उघडला की आधी नमस्कार, मग चॅनल सबस्क्राइब करून बेल आयकॉन दाबण्याची विनंती, कालच्या दराची उजळणी, खाद्यतेलाच्या आयातीवर दोन वाक्ये, प्रतिक्रियांचे वाचन आणि सातव्या मिनिटाच्या आसपास आजचा दर, असा क्रम आढळतो. शेतात उभा राहून, ट्रॅक्टर भरायचा की थांबायचे एवढेच ठरवू पाहणाऱ्या शेतकऱ्याचा वेळ येथे खर्ची पडतो. तो दर सुरुवातीलाच सांगणारा प्रामाणिक निवेदक याच पद्धतीत तोट्यात जातो, कारण दर कळताच प्रेक्षक निघून जातो आणि ‘लोक शेवटपर्यंत थांबत नाहीत’ अशी त्या व्हिडिओची नोंद होऊन तो पुढच्या लोकांना कमी दाखवला जातो.

मोनेटाइज होईपर्यंत

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि गावोगावी व्हिडिओ पाहिले जाऊ लागले. ते करणाऱ्यांची पहिली मोठी लाट मात्र टिकटॉकवर उठली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली तेव्हा त्या लाटेवरचे हजारो लोक एका रात्रीत आपल्या प्रेक्षकांना मुकले. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि त्यांचा या लोकांच्या कामाशी काही संबंध नव्हता, पण आपला प्रेक्षकवर्ग आपल्या मालकीचा नसतो, ही गोष्ट मराठवाड्यातील अनेकांना तेव्हा पहिल्यांदा अनुभवाला आली. त्यांतले पुष्कळ जण यूट्यूब व इन्स्टाग्रामकडे वळले.

यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळू लागण्यासाठी, म्हणजे बोलीभाषेत चॅनल ‘मोनेटाइज’ होण्यासाठी, २०१८ पासून १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले गेल्याची अट आहे. शॉर्ट्सच्या मार्गाने जायचे तर नव्वद दिवसांत एक कोटी दृश्ये लागतात. अटी पूर्ण होईपर्यंतचे काम विनामोबदला असते, आणि या काळात तिपाई, गोल दिवा, कॉलरला लावायचा माइक, बरा कॅमेरा असलेला फोन यांवर झालेला खर्च घरच्यांच्या डोळ्यांवर येऊ लागतो. ही घाई ओळखून ‘वॉच टाइम पूर्ण करून देतो’ अशी सेवा विकणारे लोक समाजमाध्यमांवर भेटतात. त्यांनी अनेक फोन लावून फिरवलेली दृश्ये यंत्रणेला बनावट म्हणून ओळखू येतात आणि मिळालेले मोनेटायझेशन पुन्हा काढून घेतले जाते. पैसे घेणारा तोवर फोन उचलत नाही.

अट पूर्ण झाल्यावर एक अडथळा टपालाचा येतो. खात्यात पहिले १० डॉलर जमले की कंपनी व्हिडिओकर्त्याच्या पत्त्यावर एक छोटे बंद पत्र पाठवते. त्यात सहा अंकी पिन असतो आणि तो चार महिन्यांत खात्यात भरला नाही तर जाहिराती थांबतात. मुखेड किंवा निलंगा तालुक्यातील वाडीत घरक्रमांक नसतो. पत्ता म्हणजे वडिलांचे नाव, गाव, पोस्ट आणि तालुका, आणि तोही इंग्रजीत लिहिताना गावाच्या नावाची अक्षरे बँकेत एक, आधारकार्डावर दुसरी आणि खात्यात तिसरी पडलेली असतात. म्हणून अशा मुलांची शाखा डाकपालाशी आधीच ओळख झालेली असते. पुढे पैसे परदेशातून आलेली रक्कम म्हणून जमा होतात, तेव्हा ती कशाची आहे हे बँकेला समजावून सांगावे लागते. अमेरिकेतील प्रेक्षकांमुळे झालेल्या मिळकतीवर तेथील कर कापला जातो. करविषयक माहिती भरून दोन देशांमधील कराराचा लाभ मागितला तर तो १५ टक्के, न भरल्यास त्याहून अधिक. भारताच्या आयकर विवरणपत्रात समाजमाध्यमांवरील अशा व्यवसायासाठी १६०२१ हा स्वतंत्र संकेतांक २०२५-२६ या आकारणी वर्षापासून आला, म्हणजे राज्याने या कामाला व्यवसाय मानले. व्यवसायाला लागणारे संरक्षण मात्र त्या संकेतांकाबरोबर आलेले नाही.

ज्या दुःखाला जाहिरात लागत नाही

एकाच शहरातल्या दोन व्हिडिओंना मिळणाऱ्या दरात किती अंतर पडू शकते हे नांदेडइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल. सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वारातील लंगर किंवा दसऱ्याची मिरवणूक दाखवणारा व्हिडिओ पंजाबबरोबरच कॅनडा आणि इंग्लंडमध्येही पाहिला जातो, आणि तेथील प्रेक्षकासमोर जाहिरात दाखवायला जाहिरातदार कितीतरी अधिक पैसे मोजत असल्याने त्याचा आरपीएम चढतो. गुरुद्वाराच्या परिसरापासून थोड्याच अंतरावर चित्रित झालेले बंजारा गाणे किनवट, माहूर, मुखेडच्या तांड्यांत आणि तेलंगण-कर्नाटकातील लमाण वस्त्यांत लाखो वेळा पाहिले गेले तरी त्याचा दर खालीच राहतो, कारण त्याचा प्रेक्षक ऊसतोड आणि मजुरी करणारा असून जाहिरातदाराच्या लेखी तो खरेदीदार नाही. गूगलच्या जाहिरातदारांना ज्या भाषा निवडता येतात त्यांत मराठी आहे. बंजारा समाजाची गोरमाटी बोली त्या यादीत नाही. गाण्याचा दर्जा, गायिकेचा आवाज, तांड्यावर त्या गाण्याला असलेले स्थान यांपैकी काहीच या हिशेबात येत नाही.

विषयाचा परिणाम याहून गंभीर आहे. अतिरेकी आशयाच्या व्हिडिओंशेजारी आपल्या जाहिराती दिसल्याचे उघड झाल्यावर २०१७ मध्ये अनेक मोठ्या जाहिरातदारांनी यूट्यूबवरून हात काढून घेतला आणि त्यानंतर ‘जाहिरातदारांना योग्य’ आशयाचे नियम कडक होत गेले. हिंसा, आत्महत्या, आपत्ती, वादग्रस्त सामाजिक प्रश्न यांवरील व्हिडिओ काढून टाकले जात नाहीत, पण त्यांना पुष्कळदा जाहिराती मर्यादित मिळतात किंवा मिळतच नाहीत, आणि चॅनलच्या पानावर त्या व्हिडिओपुढे हिरव्याऐवजी पिवळे चिन्ह येते. येथले लोक त्याला ‘पिवळा डॉलर’ म्हणतात. नियम अधूनमधून सैल केले जातात, सखोल माहिती देणाऱ्या व्हिडिओंना सूट असल्याचे सांगितले जाते आणि माणसाकडून फेरतपासणी मागण्याची सोयही आहे. पण पहिला निर्णय यंत्र घेते, आणि बातमीचे आयुष्य फेरतपासणीच्या आत संपते.

मराठवाड्याच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो, याचा विचार पुरेसा झालेला नाही. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली बाई सावकाराचे आणि बँकेचे काय करते, हे तिच्या ओट्यावर बसून विचारणारा तालुक्याचा वार्ताहर पिवळ्या डॉलरच्या रांगेत उभा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस होऊन हसनाळ, रावणगाव यांसारख्या गावांत पाणी शिरले, माणसे आणि जनावरे दगावली. अशा वेळी गावातील माणसाने काढलेले चित्रण ही सर्वांत मोलाची सार्वजनिक माहिती असते आणि जाहिरातीच्या बाजारात सर्वांत कमी मोलाची. त्याच दिवशी त्याच तालुक्यातील एखाद्याने सासू-सुनेची चुरचुरीत नाटिका टाकली तर तिला हिरवे चिन्ह मिळते. नाटिका करणाऱ्याचा यात काहीच दोष नाही, त्यालाही घर चालवायचे आहे. परंतु दर महिन्याच्या २१ तारखेची वाट पाहणारा माणूस दोन-तीन पिवळ्या डॉलरनंतर कोणते विषय सोडून देईल हे सांगायला अभ्यास लागत नाही. पूर्वी अशा निवडीबद्दल संपादकाशी भांडता येत असे. आता निवड करणारा आणि तिचा तोटा सोसणारा एकच माणूस आहे आणि त्याला आपण काही निवडले याची जाणीवही बहुधा नसते.

गाणे एकाचे, मिळकत दुसऱ्याची

लग्नसराईत आणि जयंतीच्या मिरवणुकांत वाजणाऱ्या डीजे मिश्रणांचे चॅनल मराठवाड्यात पुष्कळ आहेत आणि त्यांची अडचण निराळी आहे. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा चढवलेल्या प्रत्येक ध्वनीची नोंदवलेल्या गाण्यांशी तुलना करते आणि जुळणी झाली की हक्कदाराला त्या व्हिडिओची मिळकत स्वतःकडे वळवता येते. याला ‘क्लेम’ म्हणतात. हक्कदाराने व्हिडिओच काढायला लावला तर ‘स्ट्राइक’ बसतो आणि नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक म्हणजे चॅनल बंद. हक्काचे तत्त्व योग्यच आहे. प्रश्न हा आहे की ज्या लोकगायकाने वीस वर्षांपूर्वी एखाद्या कॅसेट कंपनीला ठरावीक रक्कम घेऊन गाणी दिली, त्याने आज तेच गाणे स्वतःच्या चॅनलवर नव्याने म्हटले तर क्लेम त्याच्याच व्हिडिओवर येऊ शकतो, कारण नोंद कंपनीच्या नावावर असते आणि कागद कोठे आहे हे गायकाला आठवत नाही.

कीर्तनाच्या बाबतीत चित्र उलटे आहे. सप्ताहात उभ्या राहिलेल्या कीर्तनकाराचे शब्द कोणत्याही यंत्रणेत नोंदवलेले नसतात, म्हणून मंडपात कॅमेरा लावणाऱ्या कोणालाही ते चढवता येतात. निवृत्ती महाराज देशमुख इंदुरीकर यांनी आपल्या कीर्तनांवर यूट्यूबवाले पैसे कमावतात, अशी तक्रार जाहीरपणे केलेली आहे. परभणी जिल्ह्यातील गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांच्या पावसाच्या अंदाजांचेही तसेच झाले असून त्यांचे नाव मथळ्यात लावून प्रेक्षक ओढणारे चॅनल जून महिन्यात कोणालाही सहज सापडतील. पेरणीचा निर्णय अशा मथळ्यांवर घेतला जातो, म्हणून ही बाब हक्काच्या प्रश्नापुरती राहत नाही.

आणि चॅनलच हातातून गेले तर? अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, यांचे लोकप्रिय पाककृतींचे चॅनल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झाले होते. ते काही दिवसांत परत मिळाले, कारण त्यांचे नाव मोठे होते आणि वर्तमानपत्रांनी बातमी केली. लोह्याच्या किंवा औशाच्या छोट्या चॅनलवाल्याला इंग्रजीतील अर्ज भरून उत्तराची वाट पाहावी लागते.

हिंदीकडे ओढ

‘काय करायलास’, ‘कुठं चाललाव’ अशा बोलण्याने ज्या नाटिकांना सुरुवातीला प्रेक्षक मिळाला त्यांतल्या काही पुढे हिंदीकडे सरकतात, ही गोष्ट सहज लक्षात येते. हिंदी व्हिडिओचा संभाव्य प्रेक्षक मराठीच्या कितीतरी पट असतो आणि लिलावात बोली लावणारेही अधिक असतात. देगलूर-बिलोलीच्या पट्ट्यात तेलुगू आणि हिंदीला जवळची दखनी कानावर पडतच असल्याने हे सरकणे अवघडही जात नाही. नांदेडच्या दखनी विनोदाला हैदराबादेत प्रेक्षक मिळतो आणि त्यात आनंदच आहे. खटकते ते हे की शाळेत चुकीची ठरवली गेलेली, नाटक-सिनेमात नोकराच्या तोंडी घातली गेलेली मराठवाड्याची बोली पहिल्यांदाच नायकाच्या तोंडी आली ती याच छोट्या व्हिडिओंमधून, आणि तिला पुन्हा बाजूला सारणारे कारण प्रेक्षकाची नावड हे नसून हजार दृश्यांमागच्या दराचा आकडा हे आहे.

पायाखालची दुसरी जमीन

या सगळ्यात जे ताठ उभे आहेत त्यांच्याकडे पाहिले तर एक समान गोष्ट आढळते: जाहिरातीचा वाटा हे त्यांचे मुख्य उत्पन्न नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरातील शिकवण्यांचे शिक्षक यूट्यूबवर फुकट धडे टाकतात ते वर्गात विद्यार्थी यावेत म्हणून, आणि आरपीएम किती पडला याची त्यांना फिकीर नसते. भीमगीते गाणाऱ्या कलावंताला व्हिडिओमुळे एप्रिल महिन्यात कार्यक्रमांच्या सुपाऱ्या मिळतात आणि चॅनल हे त्याचे ओळखपत्र ठरते. रोपवाटिका चालवणाऱ्याची रोपे विकली जातात. ज्यांच्याकडे असा दुसरा आधार नाही, म्हणजे भूमिहीन, पदवी घेऊन घरी बसलेले, भरतीची वयोमर्यादा ओलांडलेले, तेच जाहिरातीच्या वाट्यावर पूर्णपणे विसंबून आहेत, आणि नियम बदलला की पहिला फटका त्यांनाच बसतो.

त्यांच्यापुढे दुसरी वाट येते ती थेट प्रायोजकांची, आणि तीही निसरडी आहे. पैसे लावून खेळण्याच्या ॲपनी काही वर्षे छोट्या चॅनलनाही सढळ हाताने पैसे दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केल्यावर ते उत्पन्न थांबले, आणि ते थांबले हे बरेच झाले, कारण त्या जाहिरातींनी बुडालेली घरे याच गावांतली होती. आता कृषी ‘टॉनिक’वाले येतात. फुलगळ थांबते, शेंगा दुप्पट लागतात असे निवेदकाच्या तोंडून वदवले जाते, पण ते पैसे घेऊन केले आहे हे सांगितले जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा प्रचार करणाऱ्यालाही पहिल्या वेळी दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा धोका पाच हजार रुपयांसाठी व्हिडिओ करणाऱ्या मुलाला कोणी समजावून सांगितलेला नसतो. औषध विकणारी कंपनी त्याच्या आड सुरक्षित राहते.

तरीही थेट व्यवहाराचा मार्ग सोडून देण्यासारखा नाही. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून टिकलेल्या मराठी वार्षिकांच्या परंपरेलाही जाहिरातीचा आधार लागलाच आहे. फरक हा की, त्या व्यवहारात जाहिरातदाराला चेहरा होता, पानाचा दर आधी ठरत होता आणि नको असलेली जाहिरात संपादक परत पाठवू शकत होता. नांदेडच्या मोंढ्यातील बियाण्यांचा दुकानदार, लातूरच्या गंजगोलाईतील सराफ, उदगीरची पतसंस्था यांनी गूगलला पैसे देऊन आपली जाहिरात स्थानिक व्हिडिओवर दाखवण्याऐवजी तोच पैसा सरळ त्या चॅनलला दिला, तर तो पूर्णच्या पूर्ण जिल्ह्यात राहील आणि पूर किंवा आत्महत्येवरच्या वृत्तांताचे पैसे पिवळ्या चिन्हाने अडणार नाहीत. त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवायला हवी: पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांवर चालणारी काही वृत्तचॅनल त्याच पुढाऱ्यांविषयी गप्प असतात.

सध्या असे थेट व्यवहार होतात ते तोंडी, चहाच्या टपरीवर, पुढे पाहू या बोलीवर. पैसे कधी मिळणार, व्हिडिओवर ‘सशुल्क जाहिरात’ अशी पाटी राहणार की नाही, मालाची खात्री कोण देणार आणि दुकानदाराच्या विरोधातली बातमी आली तर ती दाखवण्याचा हक्क चॅनलकडे राहणार का, या चार गोष्टी मराठीत एका पानावर लिहिलेल्या असतील असा साधा करारनामा या भागातील पत्रकार संघांना आणि स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील माध्यम शाखेला मिळून एका हिवाळ्यातच तयार करता येईल. आठ मिनिटांच्या अटीसाठी लांबवलेल्या व्हिडिओला तोवर सोयाबीनचा हंगाम संपल्याची बातमी द्यावी लागणार आहे आणि जानेवारीत जाहिरातीचा दर उतरायला सुरुवात झालेली असणार आहे.